कर्माची जागा

"मास्तर, तुमच्या वाक्यात भय्याजी कायले येऊन राहिले?"

हेडमास्तर आनंदरावांनी हे कुजबुजत विचारलं. व्हरांड्यात कुजबुजण्याला तसा अर्थ नव्हता, कारण दहावीचा अख्खा वर्ग तिथंच बसला होता. दहावीच्या खोलीत दिवाळीपासून संस्थेचे अध्यक्ष भय्याजी यांच्या धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचलेली होती. थंडी कट्ट्यांना बाधते, पोरांना बाधत नाही, असं संस्थेचं शैक्षणिक धोरण होतं.

भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर मारोतराव मास्तरांनी वळणदार इंग्रजीत लिहिलं होतं: 'द प्रेसिडेंट टुक अवे द रूम.' म्हणजे, अध्यक्षांनी खोली उचलून नेली.

"फ्रेझल व्हर्ब शिकवून राहिलो," मारोतराव म्हणाले. "बोर्डाले हमखास येते. टेक हे क्रियापद. त्याच्या शेपटीले अवे बांधलं का अर्थ पालटते. मंग त्याले कर्म लागते. म्हणून रूम घेतली."

"घेतली कोणं?"

"वाक्यात? अध्यक्षानं."

"दुसरं कर्म नाही सापडलं काय जी तुमाले?"

"हेच समोर होतं. पाहिजे तं जागा बदलवतो. कर्म नाम असन तं शेवटी चालते, मधातही चालते." त्यांनी खाली लिहिलं: 'द प्रेसिडेंट टुक द रूम अवे.'

आनंदराव बराच वेळ वाचत राहिले. ते भय्याजींचे मेहुणे. इंग्रजी हा त्यांचा विषय नव्हता. तसा त्यांचा कोणताच विषय नव्हता.

"मधात ठेवा का शेवटी ठेवा, खोली गेलीच ना! ते नामच काढा, मास्तर."

मारोतराव रागीट आहेत हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. नोकरी लागल्या दिवसापासून त्यांना राग येत होता, पण तो व्याकरणाबाहेर कधी पडला नाही. भय्याजींच्या पोरीच्या लग्नात मास्तरलोकांना उष्ट्या पत्रावळी उचलायला लावल्या, तेव्हा मारोतरावांनी हूं की चूं केलं नाही. पुढच्या आठवड्यात कर्मणी प्रयोग शिकवायचा होता. पोरांनी वहीत उतरवून घेतलं: 'द लीफ प्लेट्स वेअर पिक्ड अप बाय द टीचर्स.' मास्तरांना त्या रात्री शांत झोप लागली.

"तुमाले राग मराठीत नाही येत काय जी?" खोलीच्या वाक्याची हकिकत ऐकून शकुंतलाबाईंनी रात्री भात वाढता वाढता विचारलं. नवऱ्याचा राग ठाऊक असलेलं ते एकच माणूस.

मारोतरावांनी वरण ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकुमाप्रमाणे नामं काढली. फळ्यावर लिहिलं: 'ही टुक इट अवे.'

"आता नीट पाहा रे. कर्म सर्वनाम असन तं त्याले शेवटची जागा नाही. टुक अवे इट म्हटलं का चुकलं. नामाले दोन जागा, सर्वनामाले एकच. ज्याले नाव नाही, त्यानं दोघाईच्या मधात दबून बसाचं. समजलं?"

समजलं असावं. सगळा वर्ग मान वळवून कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होता.

आनंदराव लगबगीनं आले. "ही म्हणजे कोण?"

"तृतीयपुरुषी एकवचन."

"या गावात तृतीयपुरुषी एकवचन एकच हाये, मास्तर! उद्यापासून तेही नाही पाहिजे मले."

मग फळ्यावर नुसतं 'टुक अवे' उरलं, दोन्ही बाजूंना रिकाम्या रेघा ओढून. मारोतराव आपल्या कारागिरीवर खूश होते. आता कोण काय म्हणणार? सवयीनं ते वर्गाला म्हणाले, "जागा भरा."

चंद्रकला उभी राहिली. तिचा बाप भय्याजींकडे हमाल. खोलीतले कट्टे त्याच्याच पाठीवरून आत गेले होते. व्हरांड्यात बसून बसून ती महिनाभर खोकत होती, पण गावातून बोर्डाच्या इंग्रजीत कोणी पास होणार असेल तर तीच, हे मारोतरावांना माहीत होतं. समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "भय्याजी टुक अवे अवर रूम, सर!"

वर्ग खो खो हसला. मारोतरावही हसले. "करेक्ट," ते म्हणाले. "सिट डाउन."

दुसऱ्या दिवशी चंद्रकलेची जागा रिकामी होती.

"आता नाही येत ते, सर," मागून एक पोरगी म्हणाली. "भय्याजीनं तिच्या बापाले सांगतलं, पोरगीले घरी ठेव, नाही तं तूही घरी राह्य."

मारोतराव हातात खडू धरून उभे राहिले. इतकी वर्षं ते हे असलं लिहीत आले होते आणि त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पोरीनं एकदा मोठ्यानं म्हटलं आणि गेली. त्यांनी खडू ठेवला नाही. तो मुठीत घेऊनच ते भय्याजींच्या घराकडे चालत निघाले.

भय्याजी ओसरीवर पान लावत बसले होते. "या मास्तर. आज इंग्रजीत का मराठीत?"

"तुमी पोराईची खोली नेली, भय्याजी." मराठीत हे वाक्य फारच लहान निघालं. "आता पोरगीही नेली. लाज नाही वाटत तुमाले? धान पोराईच्या डोक्यावर ठेवता अन् शाळेचे अध्यक्ष म्हणवता?" इतकी वर्षं बसून राहिलेला राग, त्याला उभं राहता येत नव्हतं. मुठीतल्या खडूचा चुरा झाला.

भय्याजींनी पानाला चुना लावला, पुसून थोडा कमी केला.

"खोली मीच देल्ली, मीच नेली. शाळेच्या दगडावर नाव हाये ना माह्यं? राहिली पोरगी. येऊ द्या तिले उद्यापासून. मंग तुमी नका येऊ."

"उद्या नाही," मारोतराव म्हणाले. "आज. मधल्या सुट्टीनंतर ते वर्गात दिसली पाहिजे."

"लय शौक हाये तं आज," भय्याजी म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

मधली सुट्टी संपता संपता आनंदरावांनी ऑर्डर पुढे सरकवली. ती इंग्रजीत होती, म्हणजे वजन पडतं. 'द प्रेसिडेंट हॅज डिसायडेड टु सेंड अवे यू.'

मारोतरावांनी उभ्या उभ्या वाचलं. खिशातून लाल पेन काढलं, 'यू'भोवती गोल केला आणि बाण ओढून त्याला 'सेंड' आणि 'अवे'च्या मधे नेऊन बसवलं.

"सर्वनाम हाये," ते म्हणाले. "मधातच येते."

खाली दहापैकी चार गुण लिहिले, सही केली आणि सायकल काढली.

व्हरांड्यात चंद्रकला येऊन बसली होती, तोंडाला ओढणी लावून खोकत. आनंदराव स्वतः तास घ्यायला आले. गाइड उघडून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पुट आउट द लॅम्प.'

"दिवा मालवा. आता लॅम्प काढा, इट घाला." आणि त्यांनी ठसठशीत लिहिलं: 'पुट आउट इट.'

फाटकाशी मारोतरावांनी सायकल थांबवली.

चंद्रकला फळ्याकडे बोट करत अर्धी उठली. आनंदरावांनी वळून पाहिलं.

ती बसली, आणि फळ्यावर होतं तसंच वहीत उतरवून घेऊ लागली.