कलम सातमध्ये न बसणारी आई

"कार्यालय हे राज्याचे हृदय असून कर्मचारी हे त्यातील रक्त होय, आणि रक्ताने घरी बसून चालत नाही."

हे वाक्य ज्या परिपत्रकात होतं ते निघालं आणि खात्याखात्यांत हलकल्लोळ माजला. चार वर्षं घरून काम करणाऱ्या तमाम सरकारी नोकरांनी येत्या एक तारखेपासून सकाळी दहाच्या ठोक्याला आपापल्या खुर्चीत हजर व्हावं, एवढाच त्याचा अर्थ होता. आता हे वाक्य कुठे जन्माला आलं ते सांगायला हरकत नाही. सचिवसाहेबांनी ते फोनवरून सांगितलं तेव्हा ते स्वतःच्या घरी होते, आणि मागे मिक्सर चालू असल्यामुळे 'हृदय' हा शब्द त्यांना तीनदा ओरडावा लागला. ज्या मुख्य लिपिकाने ते उतरवून घेतलं तोही आपल्या घरी, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, एक डोळा संगणकावर आणि एक डोळा बाहेरच्या दारावर ठेवून बसला होता.

या लिपिकाला खात्यात सगळे मसुदेबुवा म्हणत. कारण खात्यातून निघणारा प्रत्येक आदेश आधी त्यांच्या मसुद्यात जन्म घेई. तीस वर्षांत त्यांनी हजारो मसुदे लिहिले आणि त्यांत स्वतःचं म्हणून एकही वाक्य लिहिलं नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. जुना आदेश काढायचा, तारीख बदलायची, खात्याचं नाव बदलायचं, झालं. नव्या वाक्याचा अर्थ लोक विचारतात. जुन्या वाक्याला तसं विचारायची कुणाची हिंमत होत नाही. लग्नाचंही त्यांचं असंच झालं. त्याचा जुना नमुना घरात नव्हता, म्हणून ते राहूनच गेलं.

घरात होती ती आई. वय एक्याऐंशी. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, एकोणतीसचा पाढा आजही झोपेतून उठवून विचारा. फक्त आज वार कोणता, दूध गॅसवर कधी ठेवलं, आणि आपण घराबाहेर का पडलो, या तीन गोष्टी तिच्या हिशोबात बसेनाशा झाल्या होत्या. दूध उतू जाण्याची मसुदेबुवांना सवय झाली होती. भीती होती ती बाहेर पडण्याची. गेल्या महिन्यात ते आंघोळीला गेले असताना आई निघाली आणि दोन रस्ते ओलांडून बसथांब्यावर जाऊन बसली. तिथे तिला "आजी, कुठे जायचंय?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणाली, "मुलाची शाळा सुटायचीय." मुलगा चोपन्न वर्षांचा, अंगाला साबण लागलेला, टॉवेलवर शर्ट चढवून धावत आला तेव्हा तिने त्याला ओळखलं आणि उशिराबद्दल रागावली.

तर एक तारखेपासून ही आई सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकटी राहणार होती. बहीण होती, पण ती विमानाने जायच्या अंतरावर.

म्हणून मसुदेबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा मसुद्यात स्वतःचा हात घातला. साहेब पहिला परिच्छेद आणि शेवटची सही एवढंच बघतात, हे त्यांना पाठ होतं. मध्ये, सहाव्या आणि आठव्या कलमाच्या सांदीत, त्यांनी सातवं कलम बसवलं. अर्थात स्वतःचं नाही. तीस वर्षांपूर्वीच्या रजेच्या आदेशातून उचललेलं, फक्त 'रजा घेण्याची'च्या जागी 'घरून काम करण्याची' घालून: 'ज्यांचे आई अथवा वडील अंथरुणाला खिळलेले असून अन्य कोणी पाहणारे नसेल, अशा कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा राहील.' साहेबांची सही झाली. परिपत्रक गेलं. मसुदेबुवांनी चार वर्षांत पहिल्यांदा दुपारी डोळा लावला.

अर्ध्या तासाने खाडकन जाग आली. अंथरुणाला खिळलेले!

पलीकडच्या खोलीत आई कपाट उघडून प्रवासाची बॅग भरत होती.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, सातव्या कलमात थोडी दुरुस्ती हवी होती. 'अंथरुणाला खिळलेले' याच्यापुढे 'किंवा अंथरुणात न थांबणारे' असं..."

"सातवं कलम आहे?" साहेब म्हणाले.

"आहे."

"चांगलं आहे. आता शुद्धिपत्रक काढायचं म्हणजे आपण चुकलो असं होतं. आणि 'अंथरुणात न थांबणारे' म्हणजे कोण हो? मी पण थांबत नाही. पाचला उठतो."

पुढच्या आठवड्यात एक चमत्कार झाला. खात्यातल्या चारशे बारा कर्मचाऱ्यांपैकी तीनशे नऊ जणांचे आईवडील एकाएकी अंथरुणाला खिळले. आवक-जावकच्या बाईंनी फोन करून सांगितलं, "बुवा, अर्जांचा ढीग लागलाय नुसता. त्या कॅशियरचे वडील तर मागच्याच रविवारी पोहण्याच्या शर्यतीत पहिले आले, पेपरात फोटो होता. तेही खिळलेत."

"आता?"

"आता पडताळणी. एक अधिकारी प्रत्येकाच्या घरी जाऊन म्हातारं माणूस बघणार. तुमचा नंबर गुरुवारी. तुम्हाला काय काळजी म्हणा, तुमच्या आई खरंच आजारी."

मसुदेबुवांनी फोन ठेवला. अर्ज त्यांनीही केला होता. साऱ्या खात्यात खरं कारण असलेला कदाचित हा एकच माणूस, आणि कलमात न बसणाराही हाच.

मंगळवारी त्यांनी रंगीत तालीम करून पाहिली. कोण जाणे, आपण उगाच घाबरत असू. इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्याला बॅग लावली आणि म्हणाले, "आई, मी ऑफिसला जातो हं."

आईचा चेहरा असा उजळला की त्यांना आश्चर्य वाटलं. "जा, जा. सावकाश जा. काही कुणाला बोलू नकोस."

ते जिना उतरले आणि समोरच्या पेपरच्या टपरीमागे जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं. दहा. पेपरवाला म्हणाला, "काका, कुणाची पाळत ठेवताय?" "आईची," असं ते म्हणाले आणि ते किती विचित्र वाटतं हे त्यांच्या लक्षात आलं. पंधरा मिनिटं. वीस. जमतंय की काय, असं मनात येईपर्यंत बाविसाव्या मिनिटाला आई खाली आली. हातात पर्स, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात मुलाचा बूट. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि कशाचीच वाट न बघता रस्त्यात पाऊल टाकलं. एका टेम्पोने करकचून ब्रेक दाबला. मसुदेबुवा आपल्याला अजून इतकं पळता येतं हे विसरले होते.

"आई! कुठे निघालीस?"

"शाळेत. पहिला तास माझाच आहे."

"अगं, तुला शाळा सोडून तेवीस वर्षं झाली."

"तेवीस?" आई मटकन फुटपाथवर बसली. "म्हणजे केवढा उशीर झाला रे!"

बुधवारी त्यांनी शेवटचा उपाय केला. लाज वाटत होती, पण केला. "आई, उद्या ऑफिसातून कुणी येणार आहे. तू फक्त आडवी पडून राहा. बोलू नकोस काही. दहा मिनिटं."

"पाहुणे आल्यावर लोळत पडू? शोभतं का ते?"

"तुला बरं नाहीये ना."

"मला काय धाड भरलीय?"

"आई, माझ्यासाठी."

"बरं बाबा," आई म्हणाली. एवढ्या पटकन कबूल झाली की मसुदेबुवांची झोप उडाली.

गुरुवारी सकाळी अकराला बेल वाजली. त्यांनी आईच्या खोलीत डोकावून पाहिलं. अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं. आई ठेवणीतली साडी नेसून, केस चापूनचोपून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसलेली. रोज काही न आठवणाऱ्या बाईला आज पाहुणे येणार एवढं मात्र चोख आठवलं होतं.

पडताळणी अधिकारी तिशीच्या बाई होत्या, आणि दमलेल्या. आल्या आल्या पाणी मागितलं. "हे या आठवड्यातलं चोविसावं घर," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चार बेशुद्ध वडील पाहिले. एकाच्या पायात मोजे-बूट होते, पांघरुणाखाली. एकाने डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, गेल्या का त्या?" मग आईकडे बघत, "आणि या...?"

"माझी आई."

"अहो, या तर बसल्यात!"

"तेच सांगायचं होतं. ती बसते. उठते. चालते. फार चालते हो."

बाईंनी हातातल्या टॅबवर बोट फिरवलं. "फॉर्ममध्ये एकच प्रश्न आहे. अंथरुणाला खिळलेल्या आहेत काय? होय किंवा नाही."

"शेरा लिहायला जागा नाही?"

"नाही. कलमातच नाही म्हटल्यावर फॉर्ममध्ये कुठून येणार? कुणी लिहिलं हो हे कलम?"

मसुदेबुवांनी पाण्याचा रिकामा पेला उचलून ओट्यावर नेऊन ठेवला.

"आजी," बाईंनी आवाज मऊ केला, "आज वार कोणता सांगता?"

आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तूच सांग बघू. येतो का तुला?"

"गुरुवार."

"शाब्बास. बस खाली."

बाई खरंच बसल्या. "आजी तर ठणठणीत आहेत."

"ठणठणीत आहे हीच तर पंचाईत आहे," मसुदेबुवा म्हणाले. बसथांबा, टेम्पो, एका पायातला बूट, सगळं त्यांना एकदम सांगायचं होतं. आणि आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं उतरवलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड जुळवता येईना. "म्हणजे असं की... उक्त विषयाच्या संदर्भात..." एवढंच जमलं.

"चहा टाक रे यांना," आई म्हणाली.

ते स्वयंपाकघरात गेले तशी आईने खुर्ची पुढे सरकवली आणि बाईंचा हात धरला. आपण हळू बोलतोय अशी तिची समजूत होती. पण एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेल्या बाईचं हळू बोलणं ते. ओट्यापाशी शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"तू त्याच्या ऑफिसातली ना? एक सांगते, त्याला कळू देऊ नकोस. त्याची नोकरी गेली गं. चार वर्षं झाली. रोज सकाळी उठतो, त्या डब्यासमोर बसतो, माणसं असल्यासारखा एकटाच बोलतो. जी साहेब, हो साहेब. मी काही विचारत नाही. वाईट वाटेल त्याला."

"आजी, तसं नाही..."

"मी निघते कधी कधी. शाळेत विचारून बघावं म्हटलं, मला परत घेतात का. घर चालायला हवं ना. पण रस्ते बदललेत मेले." तिने बाईंचा हात आणखी घट्ट धरला. "हुशार आहे तो. अक्षर बघ त्याचं, मोत्यासारखं. काही चुकलं असेल त्याच्या हातून तर पोटात घाला. पण त्याला परत ऑफिसात घ्या."

आत दूध उतू गेलं. या खेपेला आईचा काही दोष नव्हता.

मसुदेबुवा चहा घेऊन आले तेव्हा बाई खिडकीबाहेर बघत होत्या. चहा एका दमात पिऊन त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या, टॅब उघडला आणि पुष्कळ वेळ त्या एकाच प्रश्नावर बोट धरून बसल्या.

"होय लिहिलं तर खोटं," त्या अखेर म्हणाल्या. "नाही लिहिलं तर..." त्यांनी आईकडे पाहिलं. "खाली आणखी एक पर्याय आहे. 'भेट दिली असता घर बंद आढळले.' मग महिनाभराने पुन्हा भेट. तोवर तुम्हाला आहात तसंच राहू देतात."

"आणि महिनाभराने?"

"तेव्हाही मीच येईन. पुढचं काही सांगता येत नाही."

महिना. मसुदेबुवांनी मनात तीस दिवस मोजून पाहिले. त्या तीस दिवसांत सातवं कलम बदलून घ्यायचं. आणि तसं वाक्य कुठल्याच जुन्या आदेशात नव्हतं. ते आता स्वतःच लिहावं लागणार होतं. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही घेताय ना याला?" आई अधीर झाली होती.

"घेतो ना आम्ही, आजी," बाई म्हणाल्या.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? नुसतं बोलावं लागतं माणसाशी," आई मुलाला म्हणाली.

बाई उठल्या, पण दारातच अडखळल्या. "एक राहिलं. बंद घराचा फोटो जोडावा लागतो. तुमच्याकडे कुलूप असेल ना?"

कुलूप शोधण्यात दहा मिनिटं गेली. मग तिघं जण जिन्याच्या चौकात आले. मसुदेबुवांनी स्वतःच्या घराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी टॅब वर धरला. आईने पदर सारखा केला, पर्स पोटाशी धरली, कुलपाच्या बरोबर पुढे जाऊन उभी राहिली आणि छान हसली.

"आजी," बाई म्हणाल्या, "जरा एवढ्याशा बाजूला होता का? फोटोत येताय."