सातव्या नळीतली मादी

प्रयोगशाळेच्या प्रमुख मनोरमा मॅडमनी रसिकाचे कागद टेबलावर आपटले.

"नमुन्यांच्या नळ्या अदलाबदल झाल्यात तुझ्या. नाहीतर आकडे बनवलेस तू."

गेली दोन वर्षं रसिका नवघरहून या प्रयोगशाळेत येऊन उत्तनच्या खाडीतले बोटभर लांबीचे मासे तपासत होती. खाडीतल्या नरांच्या एका गुणसूत्रावर ठरावीक खूण सापडायची. माद्यांत ती नसायची. पण बंधारा घालून खाडीपासून तोडलेल्या जुन्या तळ्यात तीच जात वेगळी निघाली. तिथल्या नरांत ती खूण नव्हतीच. उलट प्रत्येक मादीच्या भलत्याच गुणसूत्रावर नवी खूण होती. नर की मादी हे ठरवणारं गुणसूत्रच बंधाऱ्याआड बदललं होतं.

"तपासणी परत करू या," ती म्हणाली. "कुठला नर, कुठली मादी, मला सांगूच नका."

मॅडमनी उत्तनचे मच्छीमार एडविनकाकांना तळ्यातले बारा मासे आणायला सांगितलं. काकांनी रंगीत झाकणांच्या बारा डब्यांत बारा मासे आणले. मॅडमनी ते स्वतः चिरले, नर-मादीची यादी कपाटात बंद केली आणि रसिकाला फक्त नंबर घातलेल्या नळ्यांत शेपटीचे तुकडे दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे न्यायला आलेले काका दारातच थांबले. मॅडम यादी उघडून बसल्या होत्या. एक ते सहा, सगळी उत्तरं जुळली.

"सात?"

सातव्या नळीत दोन्हींपैकी एकही खूण नव्हती. म्हणजे तळ्यातला नर. "नर."

मॅडमनी चष्मा काढला. "हिच्या पोटात अंडी होती, रसिका."

दोन वर्षं वाया गेली, एवढंच रसिकाला सुचलं.

"मॅडम," काका चाचरत म्हणाले, "निळ्या झाकनाच्या डब्यातला काय तो?"

मॅडमनी वहीत पाहिलं. "हो. सात नंबर, निळं झाकण."

"तो तळ्यातला न्हाय. तळ्यात अकराच गावले. एक खाडीतनं धरून आनला. सारकाच दिसतो, म्हनून बोललो न्हाय."

खाडीतली मादी! तिच्यात जुनी खूण नसते आणि नवी तर नसतेच. म्हणूनच ती रसिकाला तळ्यातल्या नरासारखी वाटली होती.

उरलेली पाचही उत्तरं बरोबर निघाली.

"सात नंबर काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "अकरापैकी अकरा."

"नाही मॅडम. मी नर म्हटलं होतं, ते तसंच लिहायचं. का चुकलं, तेही."

मॅडमनी वही तिच्याकडे सरकवली. "आकडे बनवलेस म्हणाले, ते बोलायला नको होतं मी."

रसिकाने मान हलवली. राग मात्र गेला नव्हता.

"काका, तळ्यातल्या जिवंत माद्या मिळतील? खाडीतल्या नरांबरोबर ठेवायच्यात. पिल्लांत नर किती निघतात, त्यावरून दोनांतली कुठली खूण वरचढ ते कळेल."

"मिलतील की. पन आता एकेक डबा कुठला ते सांगून देईन, बाय."