माझ्या श्वासावर वाळलेले वास्ते

मित्रांनो, भिंतीला पाठ लावून उभा असलेला, पोटाला गोल काच असलेला हा पांढरा डबा म्हणजे मी. कपडे वाळवायचा एक जुना ड्रायर. आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने हेवेखोर आहे. शेजारच्या वॉशिंग मशीनला कोणी जरा फडक्याने पुसले तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो एका भोकाचा. हसू नका, ऐकून तर घ्या.

माझी कामाची पहिली वर्षे नागपूरच्या एका हॉटेलच्या तळघरात गेली. तिथे पांढऱ्या चादरी असत, जाडजूड टॉवेल असत, आणि माझी देखभाल करणारा एक माणूस होता. तो रोज माझी जाळी काढून झटकायचा. पुढे हॉटेल बंद पडले आणि मी टेम्पोत बसून गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीला टीनाच्या घरी आलो.

टीनाचा नवरा दुर्गेश जवळच्या कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकचे टायर दुरुस्त करतो. त्याच चौकातल्या एका लॉजच्या चादरी टीना घरी धुऊन देते. उन्हाळ्यात ऊन फुकट मिळते, तेव्हा मला कोण विचारतो? पण पावसाळ्यात चादरी वाळता वाळत नाहीत. म्हणून मला आणले. टीनाने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता पावसाले म्हणाव, ये किती येतं तं." मी तर हुरळूनच गेलो.

माझे काम तसे सोपे आहे. गरम हवा ओल्या कपड्यांतून फिरवायची आणि ओल पिऊन जड झालेली तीच हवा पाठीच्या पाईपातून बाहेर सोडायची. कपड्यांची बारीक लव सुटते. ती बरीचशी माझ्या जाळीत अडकते आणि उरलेली पाईपातून जाते. दुर्गेशने भिंतीला भोक पाडून पाईपाचे तोंड घरामागच्या सांदवाडीत काढले. तिथे पत्र्याच्या छपराखाली त्याच्या आईचे, शामकलाबाईचे राज्य. चूल तिथे, सरपण तिथे, सूप-टोपल्याही तिथेच.

शामकलाबाईने एक दिवस त्या भोकासमोर हात धरला आणि ओरडली, "टीना, या भोकातून तं उन्हाळा येऊन राहिला व!"

दुसऱ्याच दिवशी तिने तिथे सूप मांडले. सुपात वास्ते होते. बांबूच्या कोवळ्या कोंबांना आमच्याकडे वास्ते म्हणतात. ते पावसाळ्यातच निघतात आणि पावसाळ्यातच वाळवायचे म्हटले तर काळे पडून बुरसतात. पण शामकलाबाईचे वास्ते माझ्या हवेवर कडकडीत वाळले. शेजारची मंदाबाई बघायला आली आणि तोंडात बोट घालून उभी राहिली.

"मशीन गुणाची दिसते, शामकलाबाई," ती म्हणाली.

"मशीन कायची गुणाची? ते तं नुसती घरघर करते," शामकलाबाई म्हणाली. "हे भोक गुणाचं हाय."

सांगा मित्रांनो, माझे काय झाले असेल? पोटात जाळ माझ्या, घरघर माझी, आणि गुणाचे कोण, तर भोक! पाच बाया तिथे जमायच्या आणि त्या भोकाचे कौतुक करायच्या. पोळ्याच्या दिवशी दारात आलेल्या बैलांना ओवाळून झाले. ताटात कुंकू उरले होते. ते शामकलाबाईने कोणाला लावावे? त्या भोकाला. मी काचेतून वाट बघत राहिलो. माझ्याकडे कोणी फिरकलेसुद्धा नाही. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला त्या पाईपाचे तोंडही बघायची इच्छा नव्हती. तसे ते मला कधी दिसतही नाही.

मग एक अडचण आली. हवेबरोबर लवही बाहेर पडायची आणि वास्त्यांवर बसायची.

"कापूस पडून राहिला माह्या वास्त्यांवर," शामकलाबाई पुटपुटली. दुधाला गाळणी लावतात तसा तिने जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून त्या तोंडावर घट्ट बांधून टाकला. तिच्या दृष्टीने काम फत्ते झाले. टीना दिवसभर चादरींत गुंतलेली, ती सांदवाडीत बघायला कशाला जाते?

इथून माझे हाल सुरू झाले. लव त्या ओल्या फडक्याला चिकटली, तिच्या मागे आणखी चिकटली, आणि बघता बघता अख्खा पाईप भरला. मी हवा सोडायचो, ती परत माझ्याच पोटात यायची. चादरी गरम व्हायच्या, पण वाळायच्या नाहीत. अंग इतके तापायचे की मी मध्येच आपोआप बंद पडायचो. खोलीत करपट वास यायचा. याहून मोठ्याने मी काय सांगणार होतो?

"काऊन बंद पडून राहिला हा?" टीना कपाळावर हात मारायची आणि मला परत चालू करायची.

शेवटी लॉजचा चैतराम चादरींचे गाठोडे परत घेऊन आला. तो माणूस वाईट नाही, पण त्याचाही नाइलाज होता. "वहिनी, चादरीले कुबट वास येऊन राहिला. गिऱ्हाईक मले बोलते. आता पुन्हा असं झालं तं मले दुसरीकडं द्या लागन."

टीना त्या गाठोड्यावरच बसून राहिली. हे काम तिने स्वतः चौकात जाऊन, चार लोकांना विचारून मिळवले होते. ते हातचे जाताना तिला दिसत होते.

दुर्गेशने माझ्याकडे बघून निकाल दिला. "म्हातारा झाला हा. मुन्नालालले बोलावतो, भंगारात देऊन टाकू."

"द्या," शामकलाबाई म्हणाली. "भोक तेवढं राहू द्या."

मित्रांनो, त्या वाक्याने मी आतून पार विझलो. मी गेलो तरी चालेल, भोक मात्र राहायला हवे!

मुन्नालाल गोंदियाकडचा भंगारवाला. हातगाडी दारात लावून तो आत आला. "भैया, तुम उधर से पकड़ो," म्हणत त्याने मला भिंतीपासून ओढले. माझ्या पाठीतून पाईप निसटला आणि त्यातून करड्या रंगाचा लांबलचक गोळा फरशीवर पडला.

मुन्नालाल दोन पावले मागे सरला. "अरे, बिल्ली है क्या?"

"कायची बिल्ली, कापूस होय," म्हणत शामकलाबाईने त्याचा मूठभर तुकडा उचलला. भंगारवाला झाला तरी दारी आलेला माणूस, त्याला चहा द्यायला हवा, आणि पावसाने सरपण ओले झालेले. तिने तो तुकडा चुलीत घातला आणि काडी ओढली.

भक्कन जाळ उठला. शामकलाबाईच्या पदराला झळ लागणार तेवढ्यात टीनाने तिला मागे खेचले. मग दुर्गेश हळूच म्हणाला, "हे घरात भरून होतं. आन् तुही खाट त्या मशीनच्या बाजूलेच हाय, माय."

शामकलाबाई भिंतीपाशी गेली, पाईपाच्या तोंडाची गाठ सोडली आणि लवेने जाड झालेले ते फडके टीनासमोर ठेवले. "हे म्याच बांधलं होतं. वास्त्यांवर कापूस पडे म्हून. तुह्या कामावर म्याच पाणी फिरवलं, पोरी."

टीनाने फडके बघितले, सासूकडे बघितले. रागावली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. ती एवढेच म्हणाली, "थांबा मुन्नालालभाऊ, आता नेऊ नका."

तिने माझा प्लग काढला. दुर्गेशने बांबूच्या लांब कमचीला चिंधी बांधली आणि दोन्ही बाजूंनी पाईप खरवडून काढला. टोपलीभर लव निघाली. त्यात लॉजच्या चादरींची होती, दुर्गेशच्या शर्टाची होती, शामकलाबाईच्या लुगड्याचीही होती. मग पाईप जोडून मला चालू केले. चैतरामने परत केलेल्या चादरी पुन्हा धुऊन माझ्या पोटात घातल्या, आणि त्या अशा वाळल्या की टीना एक चादर गालाला लावून उभीच राहिली. ते गाठोडे दुर्गेश स्वतः लॉजवर पोचवून आला. मुन्नालाल रिकामी गाडी ढकलत कधीच निघून गेला होता. "चलो, चाय तो मिली," असे म्हणाला म्हणे.

तेव्हापासून टीना दर खेपेला माझी जाळी झटकते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पाईप साफ करते. शामकलाबाईही मदतीला असते. वास्त्यांचे सूप तिने जरा दूर सरकवले आहे आणि वर पडलेली लव ती बोटांनी टिपून काढते. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातले कोणतेही यंत्र तापू लागले, करपट वास देऊ लागले, मध्येच थांबू लागले, तर त्याला आळशी किंवा म्हातारे म्हणू नका. आधी बंद करा. मग बघा, त्याचा श्वास कुठे अडकला आहे का.

माझे विचाराल तर मी अजून हेवेखोरच आहे. बाजाराच्या दिवशी त्या पाईपाचे लाड चालतात तेव्हा मला अजून झोंबते. पण टीनाने माझे बटण दाबले की शामकलाबाई हातातले काम टाकून सांदवाडीत जाते. छप्पर गळत असते, पाणी तिच्या पाठीवर पडत असते, आणि ती त्या तोंडासमोर तळहात धरून उभी राहते. मग भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो, "येऊन राहिली व हवा. चालू दे त्याले." माझा श्वास चालतो की नाही हे बघायला एक म्हातारी पावसात उभी राहते, मित्रांनो. तेवढा वेळ मला कोणाचाच हेवा वाटत नाही.