उघड्या डोक्याची अक्षरं

मामांची नजर अधू होत चालली होती. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती, पुढचं त्यांनाही सांगता येईना. ज्याचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला, त्याला हे ऐकवायचं तरी कसं? भाचीचा धंदा फॉन्ट करण्याचा. तिनं मनाशी पक्कं केलं, मामांच्या ब्रशचं ते मोकळंढाकळं अक्षर नजर जायच्या आत फॉन्टमध्ये उतरवायचं.

तिनं कागदावर चौकोन आखले. मामांनी निमूटपणे एकेका चौकोनात एकेक अक्षर काढलं. महिनाभर खपून तिनं फॉन्ट केला, छापून पुढं ठेवला. मामांनी कागद नाकाशी नेला.

"छान आहे. पण हे माझं नाही."

भाचीच्या डोक्यात किडा शिरला. रेघन् रेघ मामांची, मग परकं काय वाटतंय? विचारलं तर मामांनाही नेमकं बोट ठेवता येईना. शेवटी ती त्यांच्यामागं जाऊन बसली आणि पाटी रंगताना बघत राहिली.

मामांनी आधी सगळी अक्षरं उघड्या डोक्यानं काढली. एकाला जागा कमी पडली तर शेजारच्यानं अंग चोरलं. मग श्वास रोखून त्यांनी साऱ्या शब्दावरून एका दमात शिरोरेषा ओढली, मध्ये किंचित झुकलेली. भाचीनं कपाळावर हात मारला. तिनं प्रत्येक अक्षराला चौकोनात एकटं कोंडलं होतं आणि वर ज्याची त्याची टोपीही घालायला लावली होती.

चौकोन केराच्या टोपलीत गेले. तिनं मामांकडून अख्खे शब्द रंगवून घेतले, शिरोरेषा वेगळ्या ठेवल्या, एकेका अक्षराची चार-चार रूपं घेतली. कामात चार महिने गेले आणि तेवढ्यात मामांना ब्रशचं टोकही दिसेनासं झालं.

नव्या फॉन्टमध्ये तिनं मोठ्या अक्षरांत छापलं, 'जुनी घड्याळं दुरुस्त करून मिळतील.' असली पाटी मामांनी कधीच रंगवली नव्हती. ते कागद तिरका धरून बराच वेळ बघत राहिले.

"इथं रंग संपत आला होता," एका अक्षरावर अंगठा ठेवून ते ओशाळून म्हणाले, "ब्रश पुन्हा बुडवायला हवा होता मी. घाईत असणार."

भाचीनं त्यांच्या अंगठ्याजवळ वाकून पाहिलं.

"दुकानदाराला सांग," मामा म्हणाले, "तेवढं मी येऊन नीट करून देतो."