शनिवारचा फोटो

ज्वालामुखीचा तो फोटो जगभर गाजला. उपग्रहानं वरून टिपलेला, निळ्या समुद्रात फुटलेला पांढराशुभ्र ढग. ऑकलंडच्या ज्या हॉटेलात मी चादरी धुते, तिथल्या एका बयेनं तो मोबाईलवर लावला होता. "किती सुंदर गं, मेलिआमे!" म्हणे. मी म्हटलं, "त्या सुंदर ढगाखाली माझी आई आहे आणि धाकटा भाऊ आहे. काढ तो आधी." बिचारीनं मुकाट्यानं काढला.

शुक्रवारी ज्वालामुखी फुटला आणि आमच्या टोंगा देशातले सगळे फोन बंद पडले. आमचं मोटुसिला तर कोपऱ्यातलं बेट, मूठभर घरं. धाकटा लिसिआते जिवंत आहे की नाही, आई कुठे आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मी रोज कामावरून सुटले की चर्चच्या हॉलमध्ये जाऊन बसायची. आमची सगळी माणसं तिथंच असायची, रडत, गात, एकमेकांवर खेकसत.

मंगळवारी मदतीच्या बोटीचं काम बघणारी बाई उपग्रहाचा दुसरा फोटो घेऊन आली. म्हणाली, "बोट एकच आहे, डॉक्टर एकच आहे. मोटुसिला एकीकडे, लोतोहिफो बेट दुसरीकडे. आधी कुठं पाठवू? तुमचं गाव आहे, तुम्हीच बघून सांगा." लोतोहिफोचा फोटो ढगांमुळे निघालाच नव्हता. आमचा निघाला होता. पाद्रीबाबांनी तो भिंतीवर मोठा करून दाखवला.

सगळं बेट राखेनं माखलेलं. छप्पर कुठलं, झाड कुठलं, काही ओळखू येईना. फक्त मधोमध, चर्चपुढच्या पटांगणात, एक लांबलचक तपकिरी पट्टी.

"टापा!" तोआकासे आत्या ओरडली. "अगं बाई, वहिनीचा टापा तो!"

खरंच होता. तुतीची साल कुटून केलेलं एवढं लांब कापड गावात एकाच घरात होतं. आईनं ते लिसिआतेच्या लग्नासाठी करून ठेवलं होतं. मी त्या पट्टीच्या आजूबाजूला माणसं शोधू लागले. आत्या मात्र हसायला लागली.

"जिवंत आहेत गं सगळे! बायकांनी राख झटकून टापा उन्हात घातलाय. कडेला दगड ठेवलेत, दिसतायत का? घरात मयत असताना वाळवण घालायला सुचतं का कुणाला?"

"आत्या, वरून राख पडतेय आणि खाली वाळवण?" मी म्हटलं. "आणि आजूबाजूला एक माणूस दिसत नाही."

"एवढ्या उंचावरून माणसं दिसतात होय? डोळे आहेत का दुर्बिणी तुझे?"

लोक हसले. इतक्या दिवसांनी हसायला मिळालं होतं, त्यांचं तरी काय चुकलं?

"फोटो कधीचा आहे पण?" मी विचारलं.

पाद्रीबाबांनी वाकून खालचं वाचलं. "शनिवारचा."

"मग झालं तर!" आत्या म्हणाली. "वाळवण शनिवारी नाही घालायचं तर काय रविवारी?"

पुन्हा हशा. आमच्या बेटावर रविवारी कुणी होडी ढकलत नाही, दोरीवर साधा टॉवेल टाकत नाही. टापा अंथरणं तर लांबच राहिलं.

"पण आत्या, खात्री नसताना..."

"तुझ्या बापाची थोरली बहीण आहे मी. मला शिकवू नकोस."

संपलं. आमच्यात बापाशी भांडता येतं, बापाच्या थोरल्या बहिणीशी नाही. लग्न असो की मयत, पहिला मान तिचा, शेवटचा शब्द तिचा. पाद्रीबाबा म्हणाले, "मेलिआमे, बस खाली." आत्यानं त्या बाईला सांगितलं, "आमची माणसं बरी आहेत. लोतोहिफोच्या लेकरांकडे आधी जा." किती मोठं मन, म्हणून लोकांनी तिचे हात हातात घेतले. बोट लोतोहिफोला गेली.

गुरुवारी त्या बाईचा मला फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तो रविवारचा फोटो आहे ना तुमचा..."

"शनिवारचा," मी म्हटलं.

"नाही हो, त्यावर लंडनची वेळ असते. तिथं शनिवारची संध्याकाळ म्हणजे तुमच्या बेटावर रविवारची सकाळ."

मी फोनवर किंचाळले, "बाई, आमच्याकडे मेलं तरी रविवारी कुणी टापा अंथरत नाही! ते वाळवण नाही! बोट वळवा, पाया पडते तुमच्या, वळवा ती बोट!"

बोट वळवली. लोतोहिफोची माणसं धडधाकट होती, विहिरीचं पाणी तेवढं खराब झालेलं. बोट मोटुसिलाला लागली शनिवारी. लिसिआते आदल्या दिवशी गेला, शुक्रवारी. राखेच्या ओझ्यानं चर्चचं छप्पर कोसळलं आणि त्याचा पाय खाली सापडला. जखम चिघळत गेली. आठवडाभर तो पटांगणाकडे तोंड करून पडून होता म्हणे, कुणीतरी येईल म्हणून.

विमानं सुरू झाल्यावर आम्ही गेलो, मयताचा शेवटचा विधी म्हणून कबरीवर काळे खडे पसरतात, त्या दिवशी पोचलो. फोटो रविवारचा होता हे आत्यालाही कळलं होतं; वाटभर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की सगळ्या गावासमोर, आईसमोर हिचं माप हिच्या पदरात घालायचं. मान असेल तिचा, भाऊ माझा होता.

भाच्याच्या मयताचा मान आत्याचा, म्हणून मानाचं देणंघेणं तिच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. तिला सगळ्यांच्या पुढे बसवलं. आम्ही कमरेला दुखवट्याच्या फाटक्या चटया गुंडाळून मागे बसलो. मी उठले, तेवढ्यात आई दोन बायकांना घेऊन आत आली. तिघींच्या हातात मिळून तो टापा होता. घड्यांतून अजून राख गळत होती.

"वन्सं, हा तुमचा मान," आई म्हणाली.

"मला नको, वहिनी." आत्यानं हात मागे घेतले. "हा नको. दुसरं काहीही दे."

"असं कसं? त्याच्या लग्नातही तुम्हालाच मिळायचा होता." आई तिच्यापुढे खाली बसली. तिला ऑकलंडचं कुणी काही सांगितलं नव्हतं. "रविवारी सकाळी विमान घिरट्या घालून गेलं. म्हटलं, वरून कुणीतरी बघतंय. आपल्या गावचा पाद्री नको म्हणत होता, देवाचा वार आहे म्हणून. मी म्हटलं, रविवार आहे म्हणूनच अंथरायचा. इतर दिवशी वाळवण वाटेल लोकांना. रविवारी दिसला, की दुसरं कुणी ओळखो न ओळखो, आमच्या वन्सं ओळखतील."

मी उठले होते, ती तशीच खाली बसले. आत्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे केले आणि टापा मांडीवर घेतला.