शुक्रवारची पेटी

पेटीची कल्पना कंडक्टरची. बसची नोकरी सुटून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण चर्चमध्ये सगळे त्याला अजून कंडक्टरच म्हणत, आणि तोही चर्चमध्ये भरलेल्या बसमध्ये असल्यासारखाच वावरे. पुढे सरका, दारात गर्दी करू नका, मुलांना मांडीवर घ्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला तेव्हा सभेत उभं राहून त्याने सगळ्यांची झाडाझडती घेतली.

"दर वर्षी कोणी चहा सोडतं, कोणी मटण सोडतं, कोणी दारू सोडल्याचं सांगतं. कोण बघायला जातंय? यंदा सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट सोडायची. आणि सोडली ती दिसली पाहिजे."

ती गोष्ट म्हणजे फोन. ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला येताना फोन आणायचा, बंद करून पेटीत टाकायचा आणि संध्याकाळची क्रुसाची वाट ही प्रार्थना संपली की परत न्यायचा. फादर वयाने लहान आणि गावाला नवे. त्यांना कल्पना आवडली, किंवा कंडक्टरला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. सुताराने जाड लाकडाची पेटी करून दिली, झाकणाला फोन आत जाईल एवढी फट ठेवली. कंडक्टरने स्वतः बाजारात जाऊन कुलूप आणलं, तेही असं हट्टी की उघडताना माणसाला घाम फुटावा. पेटी सकाळी दारात ठेवायची आणि भरली की मोठ्या क्रुसाखाली न्यायची असं ठरलं.

मग सबबी सुरू झाल्या. कंडक्टरने नोकरीत असताना तिकीट न काढायच्या सबबी आयुष्यभर ऐकल्या होत्या, त्यामुळे तो कुणालाच बधला नाही. नर्सबाई म्हणाली, हॉस्पिटलातून कधीही बोलावणं येतं. तो म्हणाला, शेजारणीकडे निरोप ठेवायला सांगा, पूर्वी माणसं मरत नव्हती का? बेकरीवाली वहिनी म्हणाली, माझा मुलगा जहाजावर असतो, बंदराला लागलं तरच फोन करतो, आणि बंदर कधी लागेल ते त्यालाही ठाऊक नसतं. वहिनीचा नवरा कंडक्टरचा जुना दोस्त. तो गेल्यापासून बेकरी ती एकटीच चालवत होती. तिच्या बाबतीत तरी त्याने जरा नमतं घ्यायला हवं होतं. पण सभा भरलेली होती, आणि भरलेल्या सभेत कंडक्टरच्या जिभेला लगाम नसे.

"वहिनी, जहाज काय तुमच्या फोनवर तरंगतंय?"

सगळे हसले. वरून त्याने पेटीची किल्लीही तिच्याकडेच दिली. ज्याचा जीव फोनमध्ये अडकलाय त्यानेच किल्ली सांभाळायची, म्हणजे खरा त्याग, असं म्हणाला. वहिनीने किल्ली साखळीत ओवून गळ्यात घातली. पहिल्याच शुक्रवारी तिच्या मुलाचा फोन येऊन गेला. संध्याकाळी फोन चालू केला तेव्हा तिला ते कळलं. त्यानंतर मुलाचा काही पत्ता नव्हता. हे बेकरीत ब्रेड घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. कंडक्टरलाही माहीत होतं, पण तो विषय निघाला की तो ब्रेडचा भाव काय झाला ते विचारी.

अशातच तो शुक्रवार उजाडला.

कंडक्टर चर्चच्या पायऱ्या चढत असतानाच बायकोचा फोन आला. ती महिनाभर मुलीकडे होती, दूरच्या शहरात. मुलीचे दिवस भरत आले होते. गेल्या वर्षी पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे यावेळी घरात कोणी मोठ्याने आनंदसुद्धा केला नव्हता.

"हिचं प्रेशर वाढलंय हो," बायको म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "हॉस्पिटलात आणलंय. डॉक्टर म्हणतायत थांबण्यात अर्थ नाही, ऑपरेशन करू. बाळाचे ठोके नीट लागत नाहीयेत. काय होईल ते कळवते."

"ऑपरेशन? बरं, करू द्या. कळव," तो म्हणाला.

पुढे दारात वहिनी पेटीजवळ उभी होती, लोक रांगेने फोन टाकत होते, आणि रांगेतले सगळे त्याच्याकडेच बघत होते, निदान त्याला तसं वाटलं. माझी मुलगी हॉस्पिटलात आहे, आज मला सूट द्या, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण नर्सबाई रांगेत होती. किल्ली गळ्यात घालून वहिनी समोर होती. त्यांच्यासमोर ते वाक्य काढायचं म्हणजे आपणच थुंकलेलं आपणच चाटायचं. चर्चच्या ऑफिसातला फोन वापरावा असंही मनात आलं, पण तिथली क्लार्कबाई म्हणजे चालतीबोलती दवंडी. शेवटी त्याने चोराची वाट धरली. फोन बंद न करता फक्त आवाज घालवला, थरथर चालू ठेवली, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत फटीतून आत सोडला. पेटी उचलून क्रुसाखाली नेली गेली.

मिस्सा संपली, लोक कामाला गेले. कंडक्टर हलला नाही. पेटीच्या अगदी शेजारच्या बाकावर गुडघे टेकून बसला. फोन वाजला तर निदान कळेल, एवढाच हिशेब. वाजल्यावर काय करायचं याचा त्याने विचार केला नव्हता.

गाव चर्चला देऊळच म्हणे. त्या देवळात त्याच्या मनासारखी शांतता मात्र नव्हती. बायका बाक पुसायला आल्या, बादल्या आपटत राहिल्या. दुपारी गाणाऱ्यांची तालीम लागली, बाजाचा भाता कुरकुरत होता. कंडक्टर कान पेटीला लावता येत नाहीत म्हणून मान तिरकी करून बसला. त्याला पाहून बायका आपसात कुजबुजल्या.

"बघ गं, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नाही."

"माणूस तोंडाळ आहे, पण भक्ती आहे हो."

त्याला ते ऐकू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो प्रार्थना करतच नव्हता. करायला गेला की मुलीचा लहानपणचा चेहरा समोर येई, मग ते टेबल, ते दिवे, आणि गेल्या वर्षी कपड्यात गुंडाळून दिलेलं ते एवढंसं. मग तो पुन्हा पेटीकडे कान देई. पेटी गप्प होती. गप्प आहे म्हणजे बरंच असेल, असं तो स्वतःला सांगे, आणि लगेच मनात येई, वाईट बातमी सांगायला कोणाला धीर होतो? उठून वहिनीकडे जावं, किल्ली मागावी, असं कितीदा तरी ठरवलं. प्रत्येक वेळी गुडघे उचलायचे आणि पुन्हा टेकायचे.

संध्याकाळी देऊळ भरलं. क्रुसाची वाट वाचायचं काम आवाजामुळे त्याच्याकडेच असे. भिंतीवर चौदा चित्रं, येशूच्या शेवटच्या वाटेवरची एकेक जागा. प्रत्येकीसमोर थांबायचं, वाचायचं, लोकांनी उत्तर द्यायचं, पुढे जायचं. पोरं त्याची नक्कल करत, की हा स्थानं सांगत नाही, थांबे सांगतो. आज मात्र त्याचा आवाज पहिल्याच चित्रापाशी फाटला. प्रत्येक स्थानाबरोबर तो पेटीपासून लांब जात होता.

सहावं झालं, आणि पेटी गुरगुरली.

जाड लाकडात थरथर घुमली की तिचा आवाज केवढा होतो हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी माना वळवल्या. मग एकमेकांकडे पाहिलं, मग खाली. पुस्तकातली अक्षरं एकमेकांवर चढली. लोक वाट बघत होते, म्हणून तो वाचत राहिला. काय वाचलं ते त्यालाच कळलं नाही. गुरगुर थांबली.

सातव्या स्थानाशी ती पुन्हा सुरू झाली. संपता संपेना. फादरांनी खाकरून पाहिलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबलं. कंडक्टरच्या कपाळावरून घाम पुस्तकावर पडला. उठेन, आता म्हणेन, हे वाक्य संपलं की म्हणेन. वाक्य संपलं आणि त्याने पुढचं सुरू केलं. पेटी पुन्हा गप्प झाली, आणि ते गप्प होणं गुरगुरण्यापेक्षा वाईट होतं.

आठव्या चित्रात रडणाऱ्या बायका असतात, त्यांच्या लेकरांबद्दलचं वाचन असतं. त्याने तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा पेटी घुमली. कंडक्टरने पुस्तक मिटलं.

"वहिनी," तो भर देवळात ओरडला, "किल्ली! माझा फोन आहे. मी बंद केला नव्हता. माझी मुलगी हॉस्पिटलात आहे."

वहिनी आधीच उठली होती. गळ्यातली साखळी तिने डोक्यावरून ओढून काढली, केस अडकले तरी थांबली नाही. दोघं पेटीशी पोचली. कुलूप उघडेना. त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली, तिने परत घेतली, आणि शेवटी सुतार धावत आला आणि त्याने मनगटाला हिसका देऊन ते उघडलं. झाकण वर झालं तेव्हा थरथर थांबून गेली होती.

आत निम्मे फोन चालू होते. नर्सबाईचा होता, क्लार्कबाईचा होता, खुद्द फादरांचाही होता. हसायला हरकत नव्हती, पण कुणी हसलं नाही. कंडक्टरने आपला शोधून काढला. त्यावर एकही फोन आलेला नव्हता. बायकोचा नुसता निरोप होता, दुपारचा. तालमीच्या वेळी कधीतरी आला असणार. तुमचा फोन पेटीत असेल म्हणून लिहून ठेवतेय. मुलगी झाली. लहान आहे, पण रडली. दोघी सुखरूप.

त्याने दोनदा वाचलं आणि मटकन खाली बसला. "मुलगी झाली," तो म्हणाला, "रडली म्हणे," आणि स्वतःच रडायला लागला. देवळात एकदम गलका झाला. फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर थाप मारली, बाक पुसणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अख्खा दिवस तो त्या चांगल्या बातमीच्या शेजारी जीव मुठीत धरून बसला होता.

मग त्याच्या लक्षात आलं की वाजत होता तो आपला नव्हताच.

वहिनी पेटीच्या पलीकडे उभी होती. तिच्या हातात तिचा फोन होता. ती कुठला तरी परक्या देशाचा लांबलचक नंबर पुन्हा पुन्हा लावत होती, कानाला लावत होती, आणि एक बाई यंत्रातून तेच तेच सांगत होती. लागत नव्हता.

फादरांनी उरलेली स्थानं स्वतः वाचायला घेतली. लोक त्यांच्याबरोबर पुढे सरकले. वहिनी एका बाकावर जाऊन बसली. कंडक्टर उठून तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसला.

"मुलाचा होता?"

"हो. तीन वेळा." तिने फोन पालथा करून मांडीवर ठेवला. "अभिनंदन हो भाऊजी. नात कशी आहे?"

"बरी आहे." त्याला तिच्याकडे बघवेना. "वहिनी, किल्ली तुमच्या गळ्यात होती. पहिल्यांदा वाजला तेव्हाच का नाही उठलात?"

"मला वाटलं तुमचाच." ती हळू बोलत होती, पुढे वाचन चालू होतं म्हणून. "सकाळी पायरीवर तुम्ही बोलत होता ते ऐकलं मी. फोन तसाच चालू टाकलात तेही पाहिलं. म्हटलं, आज एवढ्या कडक माणसालाही राहवलं नाही, मग मीही माझा बंद केला नाही. मग वाजला. तुम्ही वळाल म्हणून मी किल्ली हातात धरूनच बसले होते. पण तुम्ही वाचत राहिलात. दुसऱ्यांदाही वाचत राहिलात. वाटलं, पोटची पोर तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर असून हा माणूस देवासमोरून हलत नाही, आणि मी नुसत्या एका फोनसाठी उठू? लाज वाटली माझी मलाच."

समोर लोक गुडघे टेकत होते, उठत होते. तोंडातून नुसता होकार निघाला असता तरी ती त्याला भक्त समजून घरी गेली असती.

"देवासाठी नव्हतो थांबलो, वहिनी," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांसमोर खोटं पडायची भीती वाटत होती."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग मांडीवरचा फोन उचलून सरळ केला, आणि काच अजून काळीच आहे का ते बघत बसली.