टिकलीचं वजन

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पितळेचा, औषधाच्या दुकानातला. माझी उमेदीची वर्षं पुड्या जोखण्यात गेली. चिमूटभर पूड जास्त गेली तर रोग्याचं काय होईल, या धास्तीने मी तेव्हापासून काटेकोर आहे. समोरच्याचं मन राखायला खोटं बोलणं मला जमत नाही. त्यामुळे मला फार मित्र नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

पुढे दुकानात विजेवरचे काटे आले आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. तिथून मला एका बाईंनी उचललं. त्यांचं पक्षीघर होतं. घरामागे जाळीच्या प्रशस्त खोल्या, आणि आत रंगीबेरंगी पाखरांचा कल्ला. बाईंनी माझं एक पारडं काढून तिथे पाखरांना बसायला लाकडी काठी टांगली, दोन्ही बाजूंचा भार सारखा करायला दुसरीकडे धडा बांधला आणि माझा काटा मधोमध आणला. आता मला जिवंत माल जोखायचा होता.

पोपट म्हणजे हिरवा, बिया फोडणारा, एवढीच माझी अक्कल. इथे भेटले ते लोरी आणि लोरिकीट. पहिला आला काजळ्या, काळाभोर, शेपटीखाली तेवढी लाली. मग बडबड्या, तांबडाबुंद, पंख मात्र हिरवे, आणि तोंड मिटेल तर शपथ. एका जोडप्याचं डोकं निळं, छाती केशरी, पाठ हिरवी. रंगाऱ्याने कामावरून जाताना यांनाच ब्रश पुसले असावेत. आणि शेवटी टिकली, मुठीत मावेल एवढी हिरवी लोरिकीट, कपाळावर लाल ठिपका. भरल्या अंगाची, आखूड शेपटीची ती लोरी आणि लांब निमुळत्या शेपटीची ती लोरिकीट, असा बाईंचा ढोबळ हिशेब होता. सगळी पोपटांच्याच घराण्यातली, पण जगायची ती फुलांतल्या रसावर आणि परागावर. बाई त्यांच्यासाठी रोज सकाळी पातळ गोड रस कालवायच्या.

टिकली काठीवर बसली की मला तिच्या पायांची ऊब कळायची. उतरण्याआधी ती माझी साखळी चाटून बघायची. इतक्या वर्षांत माझे लाड कोणी केले असतील तर तिनेच.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर त्या लेकीकडे राहणार होत्या. पक्षीघर त्यांच्या धाकट्या दिरांच्या हाती आलं. भाऊजींचा जन्म पोपट पाळण्यात गेला होता, पण बिया खाणारे पोपट. माणूस मायाळू, फक्त आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत.

चार दिवस रस घालून त्यांनी पाहिलं, तर जमीन, जाळी, भिंती पातळ विष्ठेने बरबटलेल्या. सगळ्यांनाच हगवण लागली, असं त्यांना वाटलं. पोट बांधलं जावं म्हणून त्यांनी रस बंद केला आणि वाट्यांत सूर्यफुलाच्या बिया आणि सुका मका भरला. वहिनींना उगाच घोर नको म्हणून फोनही केला नाही.

दोन दिवसांत भिंती स्वच्छ झाल्या. भाऊजी खूष. पोटात काही जातच नाही तर बाहेर काय येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पाखरं बिया चाटून टाकून देत होती.

मग टिकली काठीवर बसली. पारड्यात तिची नेहमीची वजनं होती, पण माझा काटा मधोमध आला नाही. भाऊजींनी पारड्यातलं एक वजन काढलं. दुसऱ्या सकाळी आणखी एक काढावं लागलं. ती पिसं फुगवून डोळे मिटून बसली होती. साखळीकडे तिने पाहिलंही नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्याजवळ एका काट्याखेरीज काय आहे?

"हा म्हातारा बिघडलाय," भाऊजी म्हणाले, आणि काढून ठेवलेल्या पारड्यासकट मला पिशवीत घालून सोनाराकडे घेऊन गेले.

सोनाराने माझा धडा सोडला, पारडं परत लावलं, स्वतःची वजनं टाकली, दोन्ही बाजू आलटून पालटून पाहिल्या. माझा काटा मधोमध उभा राहिला. मला धन्य वाटायला हवं होतं. पण मनात टिकली होती.

"काटा चोख आहे," सोनार म्हणाला. "चूक घरी शोधा."

भाऊजींचा चेहरा उतरला. तिथूनच त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"भाऊजी, ती पातळच खातात, म्हणून पातळच शिटतात," पलीकडून बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही त्यांची जीभ कधी बघितलीत का?"

घरी येऊन भाऊजींनी रस कालवला, सगळ्यांच्या वाट्या भरल्या आणि बोट बुडवून टिकलीपुढे धरलं. बराच वेळ ती हलली नाही. मग चोच उघडली. जिभेचं टोक कुंचल्यासारखं फुललं आणि बोटावरून फिरलं. जन्मभर पोपट पाळलेल्या त्या माणसाने अशी जीभ पहिल्यांदाच पाहिली. बिया फोडणाऱ्याची ती जीभच नव्हती. ते खाली बसले आणि दिवसभर थेंब थेंब पाजत राहिले.

आठवडाभराने भाऊजींनी माझा धडा बांधून काठी पुन्हा टांगली आणि टिकली तिच्यावर आली. माझा काटा तिच्या बाजूला कलला. भाऊजींनी पारड्यात आणखी एक चिमुकलं वजन ठेवलं, मग दुसरं, आणि चष्मा काढून डोळे पुसले. भिंती पुन्हा बरबटल्या होत्या. त्या त्यांनी न कुरकुरता धुतल्या.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. मला कोरड्या फडक्याने पुसत जा, दमट जागी टाकू नका. आणि माझं वजन पटलं नाही, तर माझ्यावर खुशाल रागवा. पण आधी त्या मुक्या जिवाच्या वाटीत काय वाढलंय ते बघा.